वहीवर उभा राहिलेला नारळ

११ एप्रिल
टेबलावर दोन फॉर्म. एक इथल्याच विद्यापीठाचा, एम.ए. इंग्रजी, रिक्षानं वीस मिनिटं. दुसरा हैदराबादचा, इंग्रजी आणि सोबत सर्जनशील लेखन. त्यांना स्वतःची कथा हवी, मूळ हस्तलिखित, तीसपर्यंत. झेरॉक्स नको. आई म्हणते, "गोष्टीच लिहायच्या तर घरी बसून लिही की." मला हैदराबादलाच जायचंय.

१५ एप्रिल
आमच्या गारखेड्यात नळाला पाणी नवव्या दिवशी. बोअर घ्यायचा म्हणून पप्पांनी फुलंब्रीहून नामदेवकाकांना बोलावलं. काका पाणाडी. तळहातावर नारळ आडवा धरून चालतात, पाणी असेल तिथं तो उभा राहतो. पार्किंगभर फिरले, नारळ ढिम्म. चहाला घरात आले आणि माझ्या टेबलाशी ताडकन उभा!
पप्पांना हौस. "आता फॉर्म पण दाखवा, पोरगी कुठं जाईल बघू." आणि म्हणे स्वतः एम.एस्सी.!
काकांनी दोन्ही फॉर्म बाजूला केले. नारळ तसाच. खालची माझी कथेची वही उचलली, तेव्हा आडवा झाला.
"काय लिवलंय ह्यात?"
"गोष्ट आहे, काका."
चहा न घेताच गेले.

१९ एप्रिल
गोष्टीत आमच्या बिल्डिंगखाली बुजवलेली विहीर आहे. तिच्यात गंगू राहते, ती कुणालाच गाव सोडू देत नाही. सगळं मनानं रचलेलं. तळमजल्यावरच्या आजोबांचं पूर्वी इथं शेत होतं. आज सहज विचारलं, विहीर होती का?
"व्हय. बिल्डरनं बुजवली. तुला कोनं सांगितलं?"
मी हसत गंगूचं नाव घेतलं. त्यांनी दार लावून घेतलं. भीती वाटली, खरंच.

२३ एप्रिल
काकांचा फोन. "ती वही घराभायेर काढू नगं, बाई."
मग मी जाऊ कशाच्या जोरावर? दुसरी गोष्ट लिहायला बसले. दोन पानं झाल्यावर वाचलं, तर तीच. शब्दन् शब्द.
इथला फॉर्म पप्पांनी भरून ठेवलाय. आई खूश.

२६ एप्रिल
क्रांती चौक, कुरिअरचं ऑफिस. वही घेऊन आलेच.
काउंटरवरचा म्हणाला, "मॅडम, गीला पाकीट नहीं लेते."
माझ्याकडे पाण्याची बाटलीसुद्धा नव्हती. पाकीट बदललं. तेही खालून ओलं. वही कोरडी ठणठणीत.
आज गेलं तरच तीसला पोचेल. पाचला काउंटर बंद, साडेचार वाजलेत. बाकावर बसून तिसऱ्या पाकिटावर नीट, सावकाश पत्ता लिहिला. वाचला. गारखेडा. आमच्याच घराचा.
चौथं पाकीट मागितलंय.