न दुखणारी दाढ

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. हा कागदावरच घे. गेले काही दिवस जमिनीवर ओणवी राहून खडूने रेघा मारल्यामुळे मला सध्या वाकता येतं, पण सरळ होता येत नाही. तुझ्या पायाशी तशीच अडकून राहिले, तर मला उठवण्याआधी तू माझ्या केसांना तेल आहे की नाही ते बघशील. तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला अजून त्यांच्याआधी दारात पोचतो का? आई बरी आहे. बाबा बरे आहेत असं आई म्हणते. (बाबांना विचारलं तर तेही तेच सांगतात, पण आईकडे बघून.) मीही बरी आहे. दात तर इतके स्वच्छ झाले आहेत की ओळखीची माणसं चमकतात. ते का झाले, आणि त्यात तुझे उपकार कसे, हे सांगण्यासाठी हे पत्र. जरा लांबेल. चष्मा लावून बस.

आमच्या कॉलेजजवळ एक बस डेपो आहे. बसेस गेल्या, पत्रे राहिले. पालिकेला तिथे गाड्या उभ्या करायला जागा करायची होती आणि आम्हाला चौक. आम्ही म्हणजे शहररचना शिकणारे चौघं. एक टोपी, जो सावलीतही ती काढत नाही आणि 'समावेशक' हा शब्द पाणी प्यावं इतक्या सहज वापरतो. दुसरी फूटपट्टी, जी उंच आहे आणि सगळं मोजते. तिसरा ड्रायव्हर, जो चाकाच्या खुर्चीवरून फिरतो आणि हे नाव त्याने स्वतःच घेतलं, लोकांनी दुसरं काही ठेवण्याआधी. चौथी मी. आम्हाला झाडं हवी होती, बाकं हवी होती, खुर्ची बिनधक्का फिरेल अशी वाट हवी होती, पाणी जिरेल अशी जमीन हवी होती. पालिकेच्या अभियंत्यांनी आमचा नकाशा बराच वेळ पाहिला (उलटा, पण मन लावून) आणि म्हणाले की कागदावर सगळंच गोड दिसतं. हेच डेपोच्या जमिनीवर खडूने, खऱ्या मापात काढा. पंधरवडाभर लोकांना वापरू द्या. लोक बसले तर चौक. नुसतेच येऊन गेले तर गाड्या. माणूस वाईट नाही. त्याच्याकडे गाडी आहे आणि ती लावायला जागा नाही, एवढंच.

म्हणून आम्ही खडूने चौक काढला. भिंती, दारं, झाडांचे गोल, सगळं. बसायला भंगारातल्या बसची बाकडी मिळाली. सफाईचा झाडू रोज पहाटे आमची पूर्वेकडची बाजू नेई, आम्ही ती रोज सकाळी परत आणत असू. पण लोकांनी खडू मनावर घेतला. पोस्टमन खडूच्या झाडाला वळसा घालून जाऊ लागला. एका आजोबांचा नातू भिंतीतून आरपार आला, तर त्यांनी त्याला माघारी धाडून दारातून यायला लावलं. टोपीचे डोळे भरून आले. तो म्हणाला, हीच ती आपलेपणाची भावना.

मग आम्ही लोकांना विचारलं, कसं वाटतं? आणि आत्या, इथून माझी झोप उडाली. सगळे म्हणाले, छान आहे. समोरच्या इमारतीत एक निवृत्त मास्तर राहतात, ते तर मान वळवण्याआधीच छान म्हणत. वाट कशी वाटते? छान. बाकं टोचतात का? छान टोचतात. आम्ही सूचनांसाठी पेटी ठेवली. आठवड्याने उघडली तर आत एकच चिठ्ठी होती. पेटी छान आहे.

एवढं छान असूनही माणसं टिकत नव्हती. माणसं म्हणजे बायका. पुरुष येत, बसत, दुपार संपेपर्यंत जगाचं राजकारण मार्गी लावत. बायका येत, बसत, गप्पा जराशा रंगात येत, आणि मग गॅसवर दूध ठेवून आल्यासारख्या सगळ्या एकदम उठत. घरी गेलेली बाई परत खाली येत नाही. जिना चढला की कामं तिला धरून ठेवतात. फूटपट्टी घड्याळ घेऊन उभी असे आणि संध्याकाळी तिचा चेहरा बघवत नसे, कारण अभियंते अधूनमधून येऊन निम्मी बाकडी रिकामी पाहून जात, जाताना नजरेने तिथे गाड्या लावून बघत.

आम्ही उपाय केले. टोपी म्हणाला, सावली कमी पडते. कापड ताणलं. बायका सावलीत बसल्या आणि सावलीतून उठून गेल्या. मग म्हणाला, पाठीला टेकू हवा. टेकू दिला. टेकल्या, गेल्या. मग त्याला सुचलं की आपण त्यांना पाहुण्यांसारखं वागवत नाही. म्हणून सरबत सुरू केलं. गार पाण्याचा पिंप ठेवला. बायकांनी कौतुकाने दोन-दोन पेले घेतले, छान आहे म्हणाल्या आणि आजवर कधी गेल्या नव्हत्या इतक्या घाईने गेल्या. टोपीने दुसऱ्या दिवशी सरबत दुप्पट केलं. (पुरुष जाग्यावरच होते. त्यांची सोय डेपोच्या मागच्या भिंतीने केव्हाच केली होती. त्या भिंतीवर आम्ही वेली चढवणार होतो. तिथे येणारा वास जुन्या इंजिन तेलाचा असावा, असं टोपीचं मत होतं आणि आम्ही ते लिहूनही ठेवलं होतं.)

आता माझ्या दातांकडे येते. डेपोच्या कोपऱ्यावर एका दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. आत उजव्या हाताला एक स्वच्छ जागा आहे. नळाला पाणी, दाराला कडी. पण तिथवर पोचायचं तर आधी काहीतरी दुखावं लागतं. दुसऱ्याच दिवसापासून मी दुपारी गालावर हात ठेवून तिथे जाऊ लागले. खालची दाढ, डॉक्टर. डॉक्टर तपासत, काही नाही म्हणत. संकोचून मी एकदा दात साफ करून घेतले. पुढच्या वेळी आणखी संकोचून पुन्हा. आणि आत्या, मी तिथून बाहेर येत असे, हलक्या मनाने डेपोत परत जात असे आणि बायका का थांबत नाहीत यावर टोपीशी तासभर वाद घालत असे. ही दोन कामं एकाच दिवसात, एकाच डोक्याने करत होते. एकाने दुसऱ्याला हाक मारली नाही.

सरबत दुप्पट झालं त्या दुपारी मी गाल धरून दवाखान्यात शिरले, तर बाकावर फूटपट्टी. तिचाही हात गालावर. आम्ही एकमेकींच्या दातांची चौकशी केली. तिची वरची, डावीकडची होती. माझी खालची, उजवीकडची. एवढ्यात डेपोसमोर दिवसभर उभ्याने इस्त्री करणाऱ्या बाई आल्या, हनुवटीला पदर लावून. त्यांच्यामागून मास्तरांची सून, मग तिची मैत्रीण. सगळ्यांचे हात सगळ्यांच्या गालांवर. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी आमची रांग पाहिली, आणि फार सभ्यपणे म्हणाले, "कडी जरा घट्ट आहे. आत गेलात की दाबून लावा."

पहिल्या हसल्या इस्त्रीवाल्या बाई. "बघा हो," म्हणाल्या, "किती वर्षं दाढ दुखवून घेतेय मी! लाजेकाजेस्तव एक काढूनसुद्धा घेतली." (ती हलतच होती, असं डॉक्टर तातडीने म्हणाले.) मी विचारलं, मग बाई, आम्हाला सांगायचं नाही का, की तुमच्या चौकात सगळं आहे आणि एवढंच नाही? त्यांनी माझ्याकडे लहान मुलीकडे बघावं तसं पाहिलं. "एवढ्या हौसेनं काढलंत तुम्ही पोरांनी. झाडंबिडं. त्यात हे कुठं काढत बसायचं?"

त्या वेळी मला तू आठवलीस. कोणाच्याही नव्या घरात पाऊल टाकलं की बाकीचे खिडकीतून काय दिसतं ते बघतात आणि तू उंबऱ्यातूनच खणखणीत विचारतेस, "ते राहू द्या, जायचं कुठं?" बाबा तेव्हा छताकडे बघतात. आई पाणी आणायला आत जाते. आतोबांना नेमका तेव्हाच खोकला येतो. मावशीच्या नव्या फ्लॅटमध्ये सगळे फरशीचं कौतुक करत होते आणि तू कडी लावून, काढून, पुन्हा लावून बघत होतीस. आम्ही चौघांनी जाडजूड पुस्तकं वाचली. त्यात वाऱ्याची दिशा होती, सावलीची लांबी होती, पक्ष्यांची घरटी होती. तुझा प्रश्न नव्हता. तू तो कुठलंही पुस्तक न उघडता आयुष्यभर, भर माणसांत, सगळ्यांच्या वतीने विचारत आलीस, आणि इतकी वर्षं कोणी तुला त्याबद्दल धन्यवाद दिले नाहीत. म्हणून मी देते. मनापासून देते.

दुसऱ्या दिवशी आम्ही डेपोच्या कोपऱ्यात खडूने स्वच्छतागृह काढलं, आणि 'छान आहे' त्याच क्षणी संपलं. मास्तर जन्मात पहिल्यांदा नाही म्हणाले. माझ्या खिडकीसमोर? मुळीच नाही! इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या, "मग काय मास्तर, तुमच्या गच्चीवर बांधू?" सून सासऱ्यासमोर प्रथमच मोठ्याने हसली. दार रस्त्याकडे हवं, म्हणजे भीती नाही. दार भिंतीकडे हवं, म्हणजे लाज नाही. कुलूप नको, कारण कुलूप आलं की किल्ली सांभाळणारा येतो आणि तो नेमका जेवायला गेलेला असतो. दिवा बाहेरही हवा. ड्रायव्हर खुर्ची घेऊन आत गेला आणि तिथेच अडकला. त्याला वळता येईना. समावेशकतेवर निबंध लिहिणाऱ्यांनी खोली अरुंद काढली होती. "मी आता उलटा बाहेर येऊ की इथेच राहायला येऊ?" असं त्याने टोपीला विचारलं. रेघा पुसल्या, नव्या मारल्या. मग एकेक बाई त्या खडूच्या खोलीत उभी राहून, नसलेली कडी लावून, पिशवी हातात धरून विचारू लागली, ही कुठे अडकवायची? टोपी लिहून घेत होता. घामाने टोपी भिजली तेव्हा ती त्याने काढली. केस चांगले आहेत त्याचे.

खडूची खोली कामाची नव्हतीच. डॉक्टरांनी डेपोकडे उघडणारं आपलं मागचं दार उघडून दिलं आणि त्यावर स्वतःच्या न वाचता येणाऱ्या अक्षरात लिहिलं, दात दुखत नसले तरी यावे. (इस्त्रीवाल्या बाईंनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं.) त्यानंतर बायका थांबल्या, आत्या. भाजी निवडायला आणू लागल्या. सासवांविषयी बोलायला वेळ पुरू लागला, मग सासवाच खाली आल्या आणि विषय बदलावा लागला. शेवटच्या दिवशी अभियंते आले, तेव्हा बसायला त्यांनाच जागा नव्हती. त्यांना कोणी छान म्हणालं नाही. इस्त्रीवाल्या बाईंनी त्यांना सरळ खडूच्या खोलीत उभं केलं आणि विचारलं, साहेब, आता ही फाईल ठेवा बघू कुठे ठेवता. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, फाईल काखेत धरली, दातात धरून पाहिली आणि म्हणाले, "खुंटी पाहिजे." चौक मंजूर झाला. पहिलं काम स्वच्छतागृहाचं. गाडी ते सध्या डॉक्टरांच्या दारात लावतात.

तर असं आहे. घरी सर्वांना नमस्कार. गुडघ्यांना जप. तुझ्यामुळे एका चौकात बायका बसतात, हे मी इथे सगळ्यांना सांगितलं आहे.

तुझी,
भाची

ता. क. पाया पुढच्या महिन्यात खणणार. पण मंजुरी मिळाल्यापासून सगळे इतके खूश आहेत की पुन्हा छान म्हणायला लागले आहेत. परवा इस्त्रीवाल्या बाईसुद्धा म्हणाल्या. हे धोक्याचं आहे. खणण्याआधी कोणीतरी त्या खोलीत उभं राहून नावं ठेवायला हवीत, आणि तशी माणसं आपल्या घराण्यात एकच. तू येते आहेस, असं मी अभियंत्यांना सांगून टाकलं आहे. ते जरा घाबरले आहेत. ते बरंच आहे.

आणखी एक. तू कित्येक वर्षांत आमच्याकडे आलेली नाहीस. गुडघे, म्हणतेस. आई म्हणते, बाबांवरचा राग. दवाखान्यात त्या बाकावर बसल्यावर मला तिसरं कारण सुचलं, आणि ते तू, सगळ्या जगाला विचारणारी तू, आम्हाला कधी सांगितलं नाहीस. म्हणून गेल्या रविवारी मी तुझ्या गावच्या बसने येऊन पाहिलं. वाटेत बस थांबते तिथे बायकांसाठी काहीच नाही. पण थोडं पुढे पेट्रोलपंप आहे. तिथल्या बाईंशी मी बोलले आहे, जागा स्वच्छ आहे, कडी मी तीनदा लावून बघितली. बसचा ड्रायव्हर तुझ्यासाठी गाडी तिथे थांबवणार आहे, त्याने शब्द दिला आहे. तू येताना पंप बसच्याच बाजूला आहे. परत जाताना तो रस्त्यापलीकडे पडतो, तो रस्ता मी तिकडे येतानाच ओलांडून पाहिला. इकडची बाजूही पाहायची होती, म्हणून मी तुझ्या गावच्या थांब्यावर उतरले आणि त्याच बसने परतले. तुझ्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या. मी वर आले नाही. यावर तुला जे काही बोलायचं असेल, ते इथे येऊन बोल.