भर दुपारचं चित्र

प्रिय माय,

जयभीम. पत्र बघून घाबरू नकोस, इथे नांदेडात सगळं बरं आहे. पोस्टमन आनंदराजने पाकीट हातात दिलं की शेजारच्या लुंबिनीला वाचायला हाक मारू नकोस. तुझ्यासाठी अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. चष्मा लाव, ओट्यावर बस आणि सावकाश स्वतःच वाच. फोन का केला नाहीस, असं विचारशील. फोनवर तू मला बोलू देतेस का? मी तोंड उघडायच्या आत तुझं "हाव हाव, जेवलीस का?" सुरू होतं आणि तिथून गाडी थेट उमाबाईच्या सुनेवर जाते. पण ते निमित्त झालं. खरं म्हणजे हे तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही.

तुझा फोटू सध्या भिंतीवर नाही. संग्रहालयातल्या त्या मोठ्या तैलचित्राला इतक्या जणांनी इतकी नावं दिली, पण मला अजून 'मायचा फोटू' हेच नाव आठवतं. नदी, पलीकडची शेतं, अलीकडे चिंचेचं झाड. ही चिंच आपल्या लोह्याच्या रस्त्यावरचीच आहे, असं तू येणाऱ्याजाणाऱ्याला छातीठोकपणे सांगायचीस, आणि चित्रकाराचं नावच कुणाला माहीत नसल्यामुळे तुला खोटं पाडायला कोणी नव्हतं. तर ते चित्र आता मागच्या खोलीत टेबलावर आहे. जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या मंजुश्री मॅडम आल्या आहेत, मूळच्या उदगीरच्या. तीन आठवडे झाले, काडीला कापूस गुंडाळून बोटबोटभर पुसत बसल्या आहेत. तुला आवडतील. आमच्या अमरनाथ साहेबांनी त्या टेबलावर चहाचा कप ठेवला, तर बाईंनी साहेबांना कपासकट बाहेर काढलं.

ते चित्र पाहिलं की मला तुझी नोकरीची पहिली वर्षं आठवतात. बाबा गेले आणि त्यांच्या जागेवर तुला शिपाई म्हणून घेतलं, तेव्हा मी आठ वर्षांची होते. सुरुवातीला तू दगडी मूर्तींच्या दालनात एकटी जायचीच नाहीस, मला पुढे घालायचीस. मग तुझं लक्ष त्या चित्राकडे गेलं. रंगाला बारीक भेगा पडल्या होत्या. तू त्यावर हात न टेकवता नुसता फिरवलास आणि म्हणालीस, "लई सुकलंय गं हे. तहानलंय." आजोबा दाराला, बैलगाडीच्या चाकाला जवसाचं तेल द्यायचे. लाकूड अन् माणूस, दोघांनाबी वर्साला एकदा तेल पाहिजे, हे त्यांचं म्हणणं तू माहेराहून बरोबर आणलं होतंस. त्या वर्षी दीक्षाभूमीला निघायच्या आदल्या दिवशी तू घरून वाटीत तेल आणलंस, जुन्या धोतराची मऊ चिंधी आणलीस आणि चित्राला तेल दिलंस. मी खाली वाटी धरून उभी. चित्र असं उजळलं की तू स्टुलावरच हसायला लागलीस. नव्या आलेल्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, की हे चित्र इतकं छान होतं का? त्यानंतर नागपूरला जायच्या आधी फोटूला तेल द्यायचं, हा आपल्या घरचा नेमच झाला. तेवीस वर्षं तो तू चुकवला नाहीस. डब्याच्या सुट्टीत तू त्याच्यासमोर बसून भाकर खायचीस आणि म्हणायचीस, "ह्यात दिवस बुडून राहिला बघ." पुढे एका साहेबांनी पाटीही तशीच लिहून घेतली, 'गोदाकाठची संध्याकाळ'.

माय, ती संध्याकाळ नव्हती. मॅडमनी खालचा कोपरा साफ केला, तर चिंचेची सावली अगदी बुडाशी गोळा झालेली दिसली. पाणी पांढरंशुभ्र, शेतं पिवळीधमक. भर दुपारचं चित्र आहे ते. जवसाचं तेल वाळतं, घट्ट होतं, पिवळं पडतं, मग काळपट होतं. त्यावर धूळ बसते, त्यावर पुन्हा तेल. दिवस आपण बुडवला होता. इथवर वाचून तुझे हात थांबले असतील. थांबू देत, पाणी पी, पण पुढचं वाच. कारण ह्यात तुझ्याहून मोठी चूक माझी आहे.

मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं की हे तेल कोणी लावलं. साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, माहीत नाही. दोनच शब्द, आणि जीभ जरासुद्धा अडखळली नाही. मग साहेबांनी वर पाठवायचा अहवाल केला. त्यात लिहिलं, 'पूर्वीच्या कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे चित्राचे नुकसान.' त्याखाली सहायक अभिरक्षक म्हणून माझी सही आहे. निष्काळजीपणा! पावसाळ्यात छत गळायचं तेव्हा स्वतःची छत्री चित्रावर धरून भिजत उभी राहणारी बाई तू. आणि तुझ्या पोरीने त्या शब्दाखाली सही केली. शिपायाची पोरगी इतकं शिकून साहेबांच्या शेजारी खुर्चीवर बसली, ती खुर्ची हलेल अशी भीती वाटली मला. दुसरं काही कारण नाही.

एवढंच असतं तरी मी कदाचित गप्प राहिले असते. पण मला हे आधीपासून माहीत होतं, माय. संभाजीनगरला शिकत असताना पहिल्याच सत्रात सरांनी सांगितलं होतं की तैलचित्राला वरून तेल लावायचं नसतं. त्या दिवशी मी वर्गात मान वर केली नाही. पुढे इथेच नोकरी लागली, तू निवृत्त व्हायला अजून तीन वर्षं होती. ती तिन्ही वर्षं तू वाटी घेऊन आलीस, आणि मी, शिकलेली, पगारी, स्टूल धरून उभी राहिले. तुझा चेहरा इतका आनंदी असायचा. म्हटलं, आता थोडीच वर्षं राहिलीत, कशाला हिचं मन मोडा. मला वाटायचं की ही माझी माया आहे. आता वाटतं, तुला शिकवता येईल, तुला समजेल, हे मीच मानलं नाही. बाकीच्यांनी आयुष्यभर तुझ्याशी जे केलं तेच मी केलं, फक्त गोड तोंडाने. आणि तू निवृत्त होऊन गावी गेल्यावरही दर दसऱ्याला तुझा फोन येतो, "फोटूला तेल दिलंस का?" आणि मी हाव म्हणते. सात वर्षं खोटं बोलले.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. आभाळाचा भाग अडला आहे. तिथला थर कापसाने निघत नाही, आणि जोर लावला तर खालचा रंगही येईल. मॅडम म्हणतात, तेलात राळ मिसळलेली असेल तर ती सोडवायचा उपाय आहे, नुसतं तेल असेल तर हात लावायचा नाही, आभाळ तसंच काळं ठेवायचं. तू कधी काय मिसळलंस, तेल कच्चं होतं की कढवलेलं, हे जगात फक्त तुला ठाऊक आहे. म्हणून काल मी साहेबांच्या टेबलावर दुसरं टिपण ठेवलं. त्यात लिहिलं, की हे तेल माझी आई नागुबाई हिने काळजीपोटी लावलं आणि तिला तसं करू नये असं कोणीही कधी सांगितलं नाही. ज्या एका कर्मचाऱ्याला ते माहीत होतं, तिने तीन वर्षं समोर उभं राहून सांगितलं नाही, आणि अहवालातला निष्काळजीपणा तिचा आहे. खाली माझं नाव आहे. साहेब अजून बोलले नाहीत, जे होईल ते होईल. मॅडमनी मात्र ते वाचून एकच विचारलं, "आई कधी येतील?" त्यांनी तुझ्यासाठी टेबलाजवळ खुर्ची मांडून ठेवली आहे. गुरुवारी सकाळच्या एसटीने ये. माझ्यावर रागावलीस तर तिथेच, सगळ्यांसमोर रागाव. पण ये, तू आल्याशिवाय आभाळाला कोणी हात लावणार नाही.

तुझीच,
ज्योत्स्ना