हात मोडला, भाकर फुगली

मंगळवार, ३ डिसेंबर

भाकरीच्या कामाले पहिले आली विमलबाई, अन् बातमी तोंडातच! चप्पल काढाच्या आधी सांगून मोकळी — "धोंडीबानं बायकोले, गयाबाईले, पाट्यावर आपटलं व माय!" मागून गयाबाई आलीच. कपाळ फुटलेलं, त्यात हळद भरलेली. चुलीपाशी बसली अन् जळणाच्या कापसाच्या पऱ्हाट्या अशा कटाकट मोडून राह्यली, जसा एकेकाचा गळाच! मी म्हटलं, मोड बाई मोड, जाळ चांगला होते.

मग अंगणात गाडी. आदिलाबादचे सुधाकरराव. त्यांच्याच हॉटेलात आमच्या ज्वारीच्या भाकरी जातात. म्हणे, "आजी, माझे आता तीन हॉटेल झाले. लोक तेलुगूत 'जोन्न रोट्टे', म्हणजे ज्वारीची भाकर, म्हणत बसूनच राहतात, दुसरं काही मागत नाहीत. रोजच्या पाचपट देता का?"

पाचपट! मी तं उभ्या उभ्या नाचली असती, पण गुडघे नाई म्हणाले.

सून सुवर्णानं पदर ओढून आत नेलं. "आत्याबाई, नाई म्हणा. आपण अजून तयार नाई."

"काऊन? पीठ हाये. बाया हायेत."

"बाया पीठ मळतात, भाकर शेकतात. थापता तुमी एकट्या. दुसऱ्या हातची एक भाकर जाऊ देत नाई. उद्या तुमाले ताप आला तं? धंदा बंद!"

असा राग आला, वाटलं भाकर उलटवाचा गरम सराटाच लावावा गालाले! अवं, माझ्या हातची म्हणून तं विकते भाकर. कड पाहा, कशी एकसारखी. जरा कड फाटली की माझी सासू बोटाले चटका देत होती. चटके खाऊन बनला हा हात.

सुधाकररावाले म्हटलं, सांगते. हो पण नाई, नाई पण नाई.

गुरुवार, ५ डिसेंबर

सुवर्णानं चोरून गयाबाईनं थापलेली भाकर टोपल्यात सरकवली. मी ओळखली! काढली अन् भिरकावली कुत्र्यापुढे. मेल्यानं खाल्ली चवीनं, पुन्हा तोंड वर करून बसला. गयाबाई पुढची भाकर शेकाले लागली. सुवर्णा दिवसभर भांडे आपटत होती. एक तपेली चेपली. नवी होती.

शुक्रवार, ६ डिसेंबर

गयाबाई नाई आली. तिच्या घरून माराचा आवाज येत होता, तिचा नाई. विमलबाई म्हणे, नवऱ्याची एकच रट — "दुसऱ्याच्या चुलीपाशी बसणारी बायको मले नको." अन् दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचाले धाडते, ते चालते मुडद्याले!

रविवार, ८ डिसेंबर

डावा हात मोडला. उजव्यानं लिहून राह्यली, अन् हसून राह्यली! सगळं सांगते.

उजाडता उजाडता गयाबाई आली. ओठ सुजलेला. बसली चुलीपाशी, भाकरी शेकू लागली. अर्धं टोपलं भरलं नाई तं दारात धोंडीबा, हातात कुऱ्हाडीचा दांडा! पाण्याच्या घागरीले लाथ. गयाबाईचा बुचडा धरला अन् ओढली मागं. आता आमच्यात रीत अशी, की तव्यावर भाकर टाकली की बाई उठत नाई. मेलं कोणी तरी पहिले भाकर उलटवाची, मग रडाचं. तव्यावर भाकर तशीच! माझा उजवा पिठात, म्हणून डावा पुढं केला उलटवाले. तेवढ्यात दांडा आला. होता गयाबाईच्या डोक्यासाठी, बसला माझ्या मनगटावर. कट् असा आवाज झाला, वाळल्या पऱ्हाटीसारखा.

"ए बुढे, बाजूले हो!" म्हणे तो.

गयाबाई मात्र तव्याकडे पाहत होती. केस त्याच्या मुठीत, तशीच सरकली पुढं. भाकर उलटवली. निखाऱ्यावर धरली. फुगली टम्म! टोपल्यात ठेवली, वर फडकं झाकलं. अन् मग त्याच लाल सराट्यानं दिला नवऱ्याच्या कानाखाली!

बोंबलला काय! विमलबाईनं भाकर थापाची लाकडी काठवट पाठीत घातली, काठवटीचे दोन तुकडे. सुवर्णानं, आमच्या मवाळ सुवर्णानं, गरम राख उधळली तोंडावर. मी बसल्या जागेवरून म्हणून राह्यली, "अजून! अजून एक!" रक्त नाकातून, तोंडातून. लुंगी माझ्याच अंगणात टाकून पळाला. तिचं आता फडकं करणार हाये.

पण टोपलं अर्धंच होतं अन् भाकरी न्याले ऑटो याची वेळ! थापतानी भाकर फिरवाचा हात तं डावाच. गयाबाई न विचारता माझ्या जागेवर बसली. परातीत थापू लागली. फेकाव्याशा वाटल्या मले, खरं सांगते. पण एक हात मोडला, दुसऱ्यानं तो धरलेला. फेकू कशानं?

त्याच ऑटोत मी दवाखान्यात. टोपलं मांडीवर. ऑटोवाल्याले म्हटलं, पहिले हॉटेल, मग हाड.

सुधाकररावानं वरचीच भाकर घेतली. गयाबाईची! मोडली, खाल्ली. मग माझ्याकडे पाह्यलं. "अरे, हाताले काय झालं?"

"चुलीपाशी पडली."

"अन् तरी भाकर अशी? कमाल आहे आजी! तुमच्या हातची चवच वेगळी."

अशी हसली, अशी हसली, डोळ्यांतून पाणी. तो म्हणे लय दुखून राह्यलं वाटते, बसा, बसा. मी म्हटलं, "पाचपट ना? देते."

अठरा तारखेच्या बुधवारी येतो म्हणाला. पाचपटीले पाच चुली मांडा म्हणे, त्या पाहतो अन् पक्कं करतो.

सोमवार, ९ डिसेंबर

सुवर्णाले सांगितलं, तू बरोबर होती. ती म्हणे, "एकदा अजून म्हणा." नाई म्हटलं!

गयाबाई आता आमच्याकडेच राहते. आज विमलबाईले थापणं शिकवून राह्यली. कड फाटली की बोटावर सराट्याची टिचकी! बाई माझ्याहून जालीम निघाली.

शुक्रवार, १३ डिसेंबर

पाचवी चूल लिपत होतो. फाटकात धोंडीबाचे दोघं भाऊ. आत नाई आले. "वहिनी, मुकाट घरी चाल. नाई तं बुधवारी येतो, एक चूल उभी ठेवत नाई."

गयाबाईनं वर पाह्यलं नाई. चिखल लावत लावत म्हणे, "सकाळीच या भाऊजी. पाची तव्यांवर भाकरी असतील, तेवढ्या उलटवू देजा."

त्याच बुधवारी सुधाकररावही येणार हायेत, चुली पाहाले.