वरच्या मजल्यावरचा बॉयलर

मंगळवार संध्याकाळ, डार्मश्टाट

वर भाड्याने राहणाऱ्या मधुराने परवा गॅस-बॉयलरच्या तपासणीचं सर्टिफिकेट मागितलं. नेबेनकोस्टनमध्ये, म्हणजे भाड्यावरच्या वरखर्चात, मी तिला तपासणीचे पैसे लावले होते ना! मी हसून म्हटलं, "अगं, आपल्या माणसांत कागद कसले मागतेस?" तपासणी झालीच नव्हती. राहून गेली. राहून गेली, की मी राहू दिली?

आज धुराडी तपासणारा आला आणि त्याने बॉयलर बंदच करून टाकला. विषारी वायू घरात येत होता. तान्हं बाळ असलेल्या घरात!

मघाशी मधुरा बादली घेऊन दारात उभी. "काकू, बाळाच्या अंघोळीपुरतं गरम पाणी द्याल?"

बादली भरून दिली. "थँक्यू, काकू."

आपल्या माणसांत कागद कसले, म्हणे! भांडली असती तर बरं झालं असतं.