आठवा चिंचोका

परळी. मंगळवार, संध्याकाळ.

हिचा गुडघा आज बरा. माझे डोळे आहेत तसेच. शेजारच्या हमीदाआपाचा पाय अजून प्लास्टरमध्ये. हाका मारून मारून तिचा घसा बसला, म्हणून तर तिच्या उशाशी घंटी हवी.

घंटीची कॉइल आज व्हायचीच होती. हिच्या शिलाई मशीनच्या चाकाला रीळ लावून त्यावर केसासारखी तार गुंडाळत होतो. शंभर वेढे झाले की ताटलीत एक भाजलेला चिंचोका, ही माझी जुनी पद्धत. आठ हवे होते, ताटलीत सातच. रीळ तर भरलेलं दिसत होतं. हिच्यावरच खेकसलो.

"मी कावून हात लावू तुमच्या चिंचोक्याला?"

वेढे पुन्हा मोजायला रागारागात तार उकलायला गेलो, तर तुटली.

मग ही म्हणाली, "आन् गालात काय हाय?"

आठवा चिंचोका. केव्हा तोंडात टाकला, देव जाणे. चोर सोडून संन्याशाला सुळी. असं कसं बोललो मी?

हिनं हसून अंथरूण काखेत मारलं. "आपाकडं झोपायला चालले. तुमची होईपर्यंत मीच घंटी."

उद्या खड्यांनी मोजीन. खडा तोंडात गेला तर दात तरी सांगतील.