वीस पावलांवरचा पट्टा

विलेपार्ले (पूर्व)
१५ ऑक्टोबर १९८९

प्रिय भीमराज,

अक्षर ओळखलंस की नाही कोण जाणे. मी सुलक्षणा. त्र्याऐंशी साली दिंडोशीच्या खाणीत तुझ्याबरोबर दगड गोळा करायला येणारी पार्ल्याची विद्यार्थिनी. या पत्राचे दोन कागद फाडून झाले, कारण तुला 'तू' म्हणावं की 'तुम्ही' इथेच गाडी अडली. तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी मी पहिल्या दिवसापासून तुला 'तू' म्हणत होते आणि तू मला 'ताई'. तेव्हा त्यात काही खटकलं नाही. आता एकदम 'तुम्ही' लिहिलं तर तोंडदेखलं वाटेल, म्हणून जुनंच ठेवते. संशोधन संस्थेतलं तुझं रोजंदारीचं काम ज्या गोष्टीमुळे गेलं, तिच्याबद्दल लिहायचं आहे. सहा वर्षं उशीर झालाय.

मी आता अंधेरीच्या एका कॉलेजात शिकवते. दरवर्षी मुलांना सांगते की लाव्हा थंड होताना त्यातले लोखंडाचे बारीक कण त्या वेळच्या उत्तरेकडे तोंड करून बसतात आणि मग सहा-सहा कोटी वर्षं तसेच राहतात. पृथ्वीची उत्तर-दक्षिण मधूनमधून उलटी होते, हेही त्या कणांमुळेच कळतं, आणि त्यावरून दगडाचा काळही ठरवता येतो. मुलांचे डोळे विस्फारतात. पण हे मला पहिल्यांदा नीट समजलं ते माझ्या मार्गदर्शक सरांच्या व्याख्यानात नव्हे, तुझ्या बोलण्यात. खाणीच्या कड्याशी उकिडवा बसून तू म्हणाला होतास, "ताई, बाप माझा वीस वर्षं हाच दगड फोडतोय. त्याला बिचाऱ्याला काय ठाव, की तो घड्याळं फोडतोय!" तुझे वडील, धोंडिरामकाका, तेव्हा पलीकडे घण मारत होते. त्यांनी नुसतं हसून पाहिलं.

कामाची रीत तूच मला शिकवलीस. दगड कड्यापासून सुटा करण्याआधी त्यावर रंगाने आडवी रेघ मारायची, होकायंत्र लावून तिची दिशा वहीत लिहायची, नंबर टाकायचा आणि मगच छिन्नी लावायची. एकदा दगड सुटला की त्याची उत्तर हरवली. तू ती रेघ मुद्दाम लांब ओढायचास, दगडाच्या बाहेर कड्यावरसुद्धा. रंग फुकट जातो म्हणून सर एकदा तुझ्यावर करवादले होते. "राहू द्या, सर, अर्धी रेघ इथं राहिली तर कधी कामाला येईल," एवढंच म्हणून तू पुढच्या दगडाकडे वळलास.

आणि तो पट्टा आठवतो? होकायंत्राजवळ लोखंड नको, म्हणून तू कमरेचा लोखंडी बकलाचा पट्टा काढून माझ्या पिशवीत टाकलास आणि दिवसभर पँट सुतळीने बांधून फिरलास. मी हसून हसून बेजार. पिशवी मी खाणीच्या तोंडाशी असलेल्या करंजाच्या फांदीला टांगली होती, आपल्यापासून वीस पावलं तरी लांब. छिन्नी-हातोडाही तू तिथेच ठेवायचास. माझ्याकडेही नजर टाकून म्हणालास, "ताई, अंगावर लोखंडाचं काय असलं तर तेपण ठेवा." मी म्हटलं, माझ्याकडे कुठलं लोखंड? आईच्या हट्टापायी मी खाणीतसुद्धा साडी नेसून यायचे, आणि निऱ्या सुटल्या तर हाताशी असाव्यात म्हणून बांगडीला सेफ्टी पिनांचा झुबका अडकवलेला. आई अडकवते, मावशी अडकवते. बायकांना ते लोखंड वाटतच नाही. त्याच हाताने मी होकायंत्र धरलं आणि चोवीस दगडांच्या दिशा लिहिल्या.

पुढचं तुला माहीत आहे. लाव्हाच्या एकाच प्रवाहातल्या दगडांनी एक दिशा दाखवायला हवी होती, आपल्या दगडांनी चोवीस दाखवल्या. सरांनी टेबलावर वही आपटली. खाली पडलेले सुटे दगडही तू उचलून आणलेस, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. "खडी फोडणाऱ्याच्या पोराकडून दुसरी काय अपेक्षा!" हे शब्द मी ऐकले. तू दाराशी उभा होतास. मी वही सरळ करायला हात पुढे केला आणि टेबलावरच्या होकायंत्राची सुई माझ्या मनगटाकडे वळली. हात मागे घेतला, सुई जागेवर गेली. मला सगळं कळलं, भीमराज. त्याच क्षणी कळलं. मी पदर पुढे ओढून हात झाकला. तुझी नजर सुईवर होती की खाली जमिनीवर, हे मला आजवर ठरवता आलं नव्हतं. खरं तर ठरवायचंच नव्हतं.

चार दिवसांनी सरांनी मला बोलावलं. ते शांत होते. म्हणाले, होकायंत्राजवळ लोखंड होतं, दगड ठीक आहेत, कड्यावर उरलेल्या अर्ध्या रेघा जाऊन पुन्हा मोज. मी बांगड्या घरी डब्यात ठेवून गेले. तुझी प्रत्येक रेघ जागेवर होती. दिशा जुळल्या, प्रबंध झाला, पहिला वर्ग मिळाला. लोखंड कुणाचं, असं सरांनी मला विचारलं नाही. मीही विचारलं नाही, की तुम्हाला कसं कळलं? विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि तेच मला नको होतं. एप्रिलमध्ये रोजंदारीच्या यादीत तुझं नाव नव्हतं. जूनमध्ये तू कायम होणार होतास, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणखी एक सांगते, म्हणजे तुझ्या मनात माझ्याबद्दल काही चांगलं उरलं असेल तर तेही जाईल. पुढच्या वर्षी गोरेगावच्या बाजारात तुझी आई, शांताबाई, भेटल्या. त्यांनी स्वतःच्या पिशवीतले दोन पेरू माझ्या हातात ठेवले आणि विचारलं, "ताई, तुम्ही तर संगंच होता. आमच्या भीमराजचं काय चुकलं वो?" मी म्हटलं, मला काही माहीत नाही. पेरू घेऊन घरी आले. खाववले नाहीत आणि टाकवलेही नाहीत, ओट्यावर सडले.

गेल्या महिन्यात सर निवृत्त झाले. त्यांचं कपाट आवरायला मी गेले होते, तिथे जुन्या फायलीत तुझ्या अक्षरातला कागद सापडला. 'दगड जागेवरचेच आहेत, कृपया टाकू नयेत. माझ्या कमरेच्या पट्ट्याच्या बकलामुळे सुई हलली. रेघा कड्यावर आहेत, परत मोजता येतील. चूक माझी आहे. ताईंची नाही.' खाली सही. म्हणजे तुझी नजर सुईवरच होती. परवा दिंडोशीला जाऊन आले. खाणीच्या जागी आता इमारती उठताहेत, तो कडा राहिला नाही. तुझ्या बहिणीने, राधाने, तुझा धरणाच्या कामावरचा पत्ता दिला. तिने विचारलं, कशाला हवाय? मी तिला आणि शांताबाईंना सगळं सांगितलं. राधा रडली नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, की तू अजूनही सगळ्यांना, बायकोलासुद्धा, 'माझीच चूक होती' असं सांगतोस. काल मी सरांना आणि संस्थेला लेखी कळवलं, की पट्टा माझ्या पिशवीत होता, पिशवी वीस पावलांवर होती आणि पिना माझ्या हातात होत्या. त्याची नक्कल सोबत आहे. त्या नकलेने तुझी सहा वर्षं परत येणार नाहीत, हे मला कळतं. मला माफ कर, असंही लिहीत नाही, तो भार पुन्हा तुझ्यावरच पडेल. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. फक्त ही नक्कल आधी तुझ्या बायकोला वाचून दाखव. आणि यापुढे कुणी विचारलं, की संस्थेतून तुला का काढलं, तर माझं नाव सांग. पत्त्यासकट सांग.

तुझी अपराधी,
सुलक्षणा