समईशेजारची उदबत्ती

अप्पा, उदबत्त्या वळणाऱ्या पोरीचा तो चित्रपट परवा टीव्हीवर पुन्हा लागला, आणि इतक्या वर्षांनी तुमच्याशी बोलावंसं वाटलं. आपल्या घरात चित्रपट पाहून आल्यावर ‘बिचारा’ म्हणायला बंदी होती. काही घरांत लसूण चालत नाही, तसा आपल्याकडे हा शब्द. युनियनच्या अभ्यासवर्गातला मार्क्सवाद तुम्ही बेळगावी मराठीत घोळवून स्वयंपाकघरात आणायचात. पडद्यावर एखादं पोर राबताना दिसलं की तुमचा प्रश्न ठरलेला: याच्या श्रमातलं वरकड कुणाच्या घरी गेलं? आई भाकरी थापता थापता म्हणायची, वरकड नंतर शोधा, आधी दळण आणा.

तेव्हा बेंगळुरूत शेजारची मुलं इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपन्यांत चिकटायला संगणक शिकत होती आणि मी मराठी मंडळाच्या चित्रपट-पत्रिकेत फुकट सदर लिहीत होते. तुम्ही शेजाऱ्यांना तीही नोकरीच म्हणून सांगायचात. मंडळानं हा चित्रपट दाखवला त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या शेजारी बसलाय, आणि चित्रपटाचे दिग्दर्शक मुंबईहून आलेत. अध्यक्षांनी मला आधीच बजावलंय, पाहुणे आहेत, चार शब्द गोड बोल, सदर चालू राहायला हवं ना? समईशेजारी उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवलाय. पडद्यावर कोळशाच्या लगद्यानं काळ्या झालेल्या हातांची पोर उदबत्त्या वळते, दुष्ट मालक तिला मारतो, इन्स्पेक्टर मालकाला मारतो, पोर शाळेत जाते. दिवे लागतात तेव्हा हॉलभर रुमाल बाहेर.

मी उठते. जीभ तुमची आहे. म्हणते, ‘‘मालक दुष्ट म्हणून पोर राबते, असं तुमचा चित्रपट म्हणतो. तो देवमाणूस असता तर? बाजारात उदबत्ती स्वस्तच विकायची, मग त्यानं तरी कुणाचे हात शोधले असते? आणि ही समईशेजारची उदबत्ती कुणी वळली, हे आपल्यापैकी कुणी विचारलं?’’ मागून कुणीतरी म्हणतं, ‘‘स्वल्प कूतकोळ्ळी, अक्का,’’ म्हणजे जरा बसा आता. दिग्दर्शक हसून विचारतात, ताई, तुम्हाला रडू नाही आलं? मी म्हणते, ‘‘रडले असते तर तुम्ही सुटला असतात.’’

पुढच्या अंकापासून सदर बंद. अध्यक्षांनी ते तिथंच, चहाच्या टेबलापाशी, भजी खाता खाता सांगितलं. मला वाटलं, आता घरी उलटतपासणी. पण बसस्टॉपवर तुमचे कारखान्यातले एक सोबती भेटले. त्यांनी विचारलं, कुठून स्वारी? माझ्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही म्हणालात, ‘‘हॉलभर माणसं होती. चित्रपट हिनं पाहिला.’’

अप्पा, त्यानंतर मला बक्षिसं मिळाली, शिव्याही मिळाल्या. माझ्या टोचून लिहिण्यानं दुखावलेली माणसं एकत्र केली तर एक बरी फिल्म सोसायटी निघेल. पण भाषण सुरू करताना आजही मी डावा खांदा जरा ताठ ठेवते. तुमचा हात तिथं होता.

हे पत्र तुमच्या चष्म्याच्या डबीत घडी घालून ठेवतेय, कारण एक गोष्ट पोस्टानं सांगण्यासारखी नाही. शाळेत त्या पोरीच्या नव्या पाटीवर बोटांचे काळे ठसे उमटतात ना, तिथं मी अंधारात ‘बिचारी’ म्हणाले होते. चांगलं ऐकू येईल असं. तुम्ही चष्मा काढून पुसत होतात, बराच वेळ. म्हणून तुम्ही ऐकलं नसणार, असं मी धरून चालले.